वाफेवरचे कँटन, जैन चुलीवर

कोल्हापुरात संध्याकाळी हातगाड्यांवर मिळणारे ‘चायनीज’ म्हणजे लसूण, आले, कांद्याची पात आणि लालभडक चटणी. साहजिकच चिनी जेवण जैन घराला वर्ज्यच, असा समज रूढ झाला आहे. मुले मात्र ते मागतात आणि घरी मिळाले नाही, तर बाहेर शोधतात. वस्तुतः हा झणझणीत प्रकार भारतीय जिभेसाठी भारतातच घडला. दक्षिण चीनमधील कँटन, म्हणजे आजचे ग्वांगझू, येथील पाकपद्धती याच्या अगदी उलट आहे : ताजा जिन्नस, मोजका मसाला आणि वाफ. तिच्यात मांस-मासळी भरपूर असते, हे खरे. परंतु तेथील बौद्ध कुटुंबे नववर्षाच्या पहिल्या दिवशी ‘लो हॉन जाय’ नावाची मिश्र भाजी करतात, तिच्यात परंपरेने कांदा-लसूण नसतो. अळंबी मात्र असते. ती आपण वगळावी.

आपल्या हाताला सर्वांत सोपा पदार्थ ‘चाँग फन’. सालपापड्या करणाऱ्या गृहिणीला तो नवा वाटणारच नाही. फरक इतकाच की येथे पीठ आंबवायचे नाही आणि पापडी वाळवायची नाही. एक वाटी तांदळाची बारीक पिठी, पाव वाटी कॉर्नफ्लॉवर, अडीच वाट्या पाणी, चिमूटभर मीठ व चमचाभर तेल एकत्र करावे. मिश्रण ताकासारखे पातळच असते. पिठी तळाशी बसते, म्हणून दर वेळी ढवळून तेल लावलेल्या ताटलीत पातळ थर ओतावा आणि झाकण ठेवून तीन-चार मिनिटे उकडावा. थर पारदर्शक दिसू लागला की किंचित निववून, त्यावर परतलेली फरसबी, ढोबळी मिरची व मटार पसरून गुंडाळी करावी. वरून सोया सॉस, थोडे पाणी व कोल्हापुरी गूळ यांचे कोमट मिश्रण घालावे. चिनी तिळाचे तेल भाजक्या तिळांचे असते. आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास येत नाही. त्याऐवजी भाजलेले तीळ भुरभुरावेत.

सोया सॉस आंबवून तयार होतो, म्हणून काही घरांत त्याचा त्याग असतो. तेथे लिंबू, गूळ, मीठ व मिरपूड पुरे. रंग येत नाही, चव येते. ऑयस्टर सॉस तर कालवांपासूनच बनतो आणि काही नूडल्समध्ये अंडे असते. पाकिटावरील घटकांची यादी वाचल्याशिवाय काहीही घरात आणू नये.

फ्राइड राइसचा प्रश्न वेगळा आहे. चिनी घरांत तो आदल्या रात्रीच्या भातापासून करतात, कारण गार भात मोकळा राहतो. आपल्याकडे रात्र उलटलेला भात चालत नाही. उपाय सोपा आहे : सकाळी पाणी किंचित कमी घालून भात करावा, परातीत पसरून पंख्याखाली निववावा आणि दुपारी मोठ्या आचेवर थोडा थोडा परतावा. आल्याऐवजी सुंठपूड, आणि गाजराऐवजी मक्याचे दाणे.

मक्याचेच सूपही होते. अर्धे दाणे वाटून, अर्धे तसेच ठेवून पाण्यात उकळावेत व कॉर्नफ्लॉवरने दाटपणा आणावा. पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे.

चौविहार पाळणाऱ्या घरांत वेळेचे गणित महत्त्वाचे. गुजरी किंवा लक्ष्मीपुरीतील दुकान सूर्यास्तापूर्वी वाढवता येत नसेल, तर डब्यात भात द्यावा. चाँग फन गार झाला की कडक होतो. तो घरी, ताटलीतून थेट पानात वाढावा.