बांधावरच्या सागाला सॉ मिल भाव कसा ठरवते?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधावर लावलेला साग विकायला काढला की सॉ मिलवाला टेप लावून घेर मोजतो आणि तुमच्या अपेक्षेपेक्षा बराच कमी भाव सांगतो. कधी त्यात लबाडी असते. पण बहुतेक वेळा कारण वेगळे असते. त्याच्या आवारात घाना किंवा इक्वेडोरचा साग पडलेला असतो आणि तो तुमच्या झाडाची तुलना त्या लाकडाशी करतो.

सुरगाणा, पेठ, कळवण या सागाच्या पट्ट्यात आफ्रिकेचे लाकूड कशाला लागते, असे तुम्ही विचाराल. पूर्वी सॉ मिल मुख्यतः वनविभागाच्या आगारातील लिलावांवर चालत. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वनांतील तोड मंजूर कार्य आयोजनेपुरती मर्यादित केली. पुढे नव्या सॉ मिलच्या परवान्यांवरही बंधने आली. ज्यांच्याकडे परवाना होता त्यांना करवत वर्षभर चालू ठेवण्यासाठी लाकूड हवे होते. ते बऱ्याच अंशी ब्रह्मदेशातून, म्हणजे म्यानमारमधून येत असे. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि व्यापाऱ्यांनी आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील लागवडीच्या सागाकडे मोर्चा वळवला. न्हावाशेवा किंवा कांडला बंदरात उतरलेला हा माल आज ओंडक्यांच्या रूपात किंवा गांधीधामहून कापलेल्या साइजमध्ये सॉ मिलला मिळतो.

हा परदेशी साग तुमच्यापेक्षा दर्जाने वरचा असतो, असे मुळीच नाही. तोही लागवडीचाच असतो, बऱ्याचदा कमी वयात तोडलेला, आणि त्यात पांढरे लाकूड भरपूर निघते. मात्र तो घेरानुसार वर्गवारी करून येतो, मागणी नोंदवली की मिळतो आणि त्याची कागदपत्रे सोबत असतात. तुमच्या गाडीत पाच जाड, पंधरा बारीक आणि दोन वाकडे ओंडके असतात. चौकटीचे काम घेतलेल्या गिरणीला एकसारखा माल लागतो आणि ती त्याचेच पैसे मोजते.

आता घेराचे गणित पाहा, कारण बहुतेक नुकसान इथेच होते. लाकूड बाजारात चौथाई घेराची पद्धत चालते. इंचातील घेराला चारने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, त्याला फुटातील लांबीने गुणा आणि १४४ ने भागा. दहा फूट लांबीचा ओंडका २४ इंच घेराचा असेल तर २.५ घनफूट भरतो, ३६ इंचाचा सुमारे ५.६ आणि ४८ इंचाचा १० घनफूट. म्हणजे घेर दुप्पट झाला की माप चौपट होते. त्यातच जाड ओंडक्यात गाभ्याच्या लाकडाचे प्रमाण जास्त असल्याने प्रति घनफूट भावही चढा मिळतो. अडचण नसताना २४ इंचाचे झाड तोडणे हे, माझ्या मते, कणसात दाणा भरण्याआधीच मका कापण्यासारखे आहे.

घेर वाढवायचा तर विरळणी हवी. दोन-दोन मीटरवर लावलेली झाडे तशीच ठेवली तर ती उंच जातात, जाड होत नाहीत. वाकडी, दुबेळकी आणि दबलेली झाडे आधी काढा. बाजूच्या फांद्या कोवळ्या असतानाच खोडालगत छाटा, कारण जाड झाल्यावर छाटलेली फांदी फळीत गाठ सोडते आणि गाठीची फळी चौकटीला चालत नाही. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत साग खुरटतो. तिथे विरळणीने फारसे काही साधत नाही.

कागदपत्रांचे काम भाव ठरवण्याच्या आधी करा. साग हा १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमातील अनुसूचित वृक्ष आहे. त्यामुळे स्वतःच्या शेतातील झाडालाही तोडीची परवानगी लागते आणि माल हलवण्यासाठी वनविभागाचा वाहतूक परवाना लागतो. सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. अशा वेळी व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करू नका, आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. विनापरवाना माल घेण्यात सॉ मिलचा परवानाच धोक्यात येतो. हा धोका पत्करणारा गिऱ्हाईक त्याची किंमत तुमच्याच भावातून कापून घेतो.

परवानगी वेळेत हाती असण्याचा आणखी एक फायदा आहे. आयात साग डॉलरमध्ये येतो. रुपया घसरला किंवा जहाजाचे भाडे वाढले की तो महागतो. २०२१ मध्ये कंटेनरचे भाडे कित्येक पटींनी वाढले होते. अशा काळात सॉ मिलवाला जवळचा माल शोधतो, पण परवानगीसाठी तो महिनोन्‌महिने थांबणार नाही.

सौदा उक्ता करू नका. झाडामागे भाव सांगितला तर प्रति घनफूट काय पडतो, सालीसाठी घेरातून किती वजा करणार आणि तोड, ओढणी, वाहतूक कोणाच्या अंगावर, हे तिन्ही आधी विचारा. छातीच्या उंचीवर, म्हणजे साडेचार फुटांवर, प्रत्येक झाडाचा घेर स्वतः मोजून वहीत लिहा आणि ती वही घेऊन किमान तीन ठिकाणी भाव विचारा.