धुऱ्यावरचा साग आणि डीएनए तपासणी



एकोडी परिसरात बऱ्याच जणांच्या धुऱ्यावर साग उभा आहे आणि जंगलही लांब नाही. म्हणून ओंडके भरलेल्या गाडीला पहिला प्रश्न हाच येतो: माल शेतातला की जंगलातला?

लाकूड पाहून जात ओळखता येते, जागा नाही. त्यासाठी डीएनए तपासणी कामी येते.

बियापासून वाढलेल्या प्रत्येक झाडाचा डीएनए वेगळा असतो. त्यामुळे ओंडका कोणत्या खुंटाचा, हे जुळवता येतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सरकारी जंगलातून चोरलेलं, गिटारसाठी लागणारं मेपल लाकूड असंच खुंटाशी जुळवलं गेलं.

मध्य भारतातला साग आणि केरळकडचा साग यांच्या डीएनएतही फरक आहे. कोइम्बतूरच्या वन आनुवंशिकी संस्थेने २०१८ मध्ये सागाच्या जनुकांचा आराखडा प्रसिद्ध केला.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. डीएनए *बी* कुठलं ते सांगतो, *शेत* कुठलं ते नाही. जवळच्या जंगलातल्या बियाचं रोप धुऱ्यावर लावलं असेल, तर दोन्हींचा मूळ प्रदेश एकच निघेल. टिश्यू कल्चरची एकाच मातृवृक्षाची रोपं तर सगळी सारखीच. म्हणून कागद आणि खुंट, दोन्ही जपा.

१) ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवा. सातबाऱ्यावर नोंद आली का ते पहा.

२) १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग अनुसूचित झाड आहे. परवानगीशिवाय तोडू नका, वाहतूक परवान्याशिवाय माल हलवू नका.

३) तोडल्यावर खुंट उपटू नका, जाळू नका. खुंटाला आणि ओंडक्याला एकच नंबर टाकून फोटो काढा. सागाच्या खुंटाला फुटवे येतात आणि त्यांच्या पानातही तोच डीएनए असतो. गाभ्याच्या लाकडापेक्षा पानातून तो सहज मिळतो.

४) व्यापाऱ्याला कोऱ्या कागदावर सही देऊ नका. तुमच्या परवान्यावर दुसऱ्याचा ओंडका गेला आणि तुमच्या खुंटाशी जुळला नाही, तर जाब तुम्हालाच द्यावा लागेल.

वीस-पंचवीस वर्षं सांभाळलेलं झाड एका कागदापायी अडकू नये. काही शंका असेल तर कुऱ्हाड लावण्याआधी कंपनीच्या कार्यालयात या.

आपलीच, शेतकरी उत्पादक कंपनी, एकोडी