लेकुरवाळी मुशी

हिंजवडीहून मुळशीच्या वाटेने पश्चिमेकडे निघावे आणि ताम्हिणी घाट उतरावा, म्हणजे कोकण लागते. त्यापलीकडे अरबी समुद्र आहे. तेथील बंदरांत होड्या लागल्या, की टोपल्यांतून बोंबील, कोळंबी यांबरोबर एक राखाडी, खरखरीत अंगाचा मासाही उतरतो. कोळी लोक त्याला मुशी म्हणतात. दक्षिण कोकणात व गोव्यात त्याचे नाव मोरी. मुशी म्हणजेच शार्क. शार्क म्हटले, की अक्राळविक्राळ जबडा डोळ्यांपुढे येतो. पण आपल्या किनाऱ्याजवळची ही चपट्या नाकाची मुशी जेमतेम हातभर लांब असते. शास्त्रज्ञ तिला स्कॉलिओडॉन म्हणतात.

किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात ती राहते. कोळंबी, माकूल व लहान मासे हे तिचे अन्न. तिच्या शरीरात हाडे नसतात. सारा सांगाडा आपल्या कानासारख्या लवचिक कूर्चेचा असतो.

गोड्या पाण्यातील रोहू एका हंगामात लाखो अंडी घालतो व ती पाण्यावर सोपवून निघून जातो. मुशीची रीत निराळी आहे. तिचे अंडे अवघे एक मिलिमीटर व्यासाचे, त्यामुळे त्यात पिल्लाला पुरेल इतके अन्न नसते. म्हणून ते आईच्या पोटातच वाढते. तेथे वार तयार होते आणि नाळेतून पिल्लाला आईकडून पोषण मिळते. गाईच्या पोटातील वासरू असेच वाढते, हे तुम्हांला ठाऊक असेलच! एका वेळी मुशीला बहुधा सहा ते अठरा पिल्ले होतात. जन्मतः प्रत्येक पिल्लू बारा ते पंधरा सेंटिमीटर लांब असते व लगेच पोहू लागते.

मासा आणि नाळ, ही गोष्ट लोकांना सहजी पटली नाही. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ग्रीक विद्वान ॲरिस्टॉटल याने एका जातीच्या मुशीविषयी ती लिहून ठेवली होती. पुढे १८४२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ योहान्नेस म्यूलर याने तपासणी करून ती खरी असल्याचे दाखवून दिले.

या रीतीमुळे पिल्ले सुरक्षित राहतात; परंतु त्यांची संख्या थोडी असते. रोहूची हजारो अंडी नष्ट झाली, तरी हजारो उरतात. पोटुशी मुशी जाळ्यात सापडली, तर तिच्याबरोबर तिची सारी पिल्लेही जातात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. तिचा माशांना मोठा आधार होतो. मात्र मुशी वर्षभर विते, म्हणून तिला एवढा विसावा पुरत नाही. जाळ्यात आलेली जिवंत पिल्ले पुन्हा पाण्यात सोडणे हे कोळ्यांच्या हाती आहे. आणि बाजारात वीतभर लांबीची मुशी दिसली, तर ती न घेणे हे घाटावर राहणाऱ्या आपल्याही हाती आहे. तिला वाढू दिले, तरच पुढे तिला पिल्ले होतील.