सहा लाखांचे पॅकेज, हातात किती?

बिर्ला नगरात वाढलेल्यांना नोकरीतली सवलत म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. १९२१ साली सुरू झालेल्या जियाजीराव कॉटन मिलच्या क्वार्टरांत कितीतरी कुटुंबे वाढली. पण ते घर नोकरीला बांधलेले होते. १९९० च्या दशकात मिल बंद पडली तेव्हा थकलेली देणी आणि राहते घर, दोन्ही प्रश्न एकदमच दारात उभे राहिले. इंदूरच्या हुकुमचंद मिलचे कामगार तर १९९१ पासून आपल्या पैशांसाठी थांबले, ते डिसेंबर २०२३ पर्यंत.

आता आपली मुले पुणे, बंगळुरू, नोएडाकडे जातात. पेढे वाटताना आपण "सहा लाखांचे पॅकेज" म्हणतो आणि मनात दरमहा पन्नास हजार धरतो. आम्ही बँकेत उभा जन्म काढलेली माणसे, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. समजा मूळ वेतन २५,००० आहे. कंपनीचा पीएफचा वाटा वर्षाला ३६,०००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे १४,४००, विमा समजा १०,०००, आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम ६०,०००. हे सगळे त्या सहा लाखांतच धरलेले असते. उरलेल्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ महिना ३,००० कापला की हाती येतात सुमारे ३७ हजार. इतर कपाती वेगळ्या. शिवाय कायम नोकरीत ग्रॅच्युइटी साधारणतः पाच वर्षांनी मिळते. दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याला ती कागदावरच दिसणार.

रात्रीचे जेवण आणि घरी सोडायला गाडी फुकट आहे, असे मुलगा कौतुकाने सांगतो. आम्ही विचारतो, अरे, रात्री जेवायला ऑफिसात थांबावे का लागते?

बाँडचे कलम नीट वाचावे. "असले बाँड कोर्टात टिकत नाहीत" असे मित्र सांगतात, पण विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांची अट आणि दोन लाखांची भरपाई ग्राह्य धरली. म्हणजे प्रत्येक बाँड योग्यच असतो असे नाही. पण सही गंमत म्हणून करू नये. जॉइनिंग बोनस लवकर सोडल्यास परत द्यावा लागतो का, नोटीस किती दिवसांची, हेही आधीच पाहावे.

आणि तिथे जाऊन वातावरणच विषारी निघाले तर? जुलै २०२४ मध्ये पुण्यात नोकरीला लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची सीए मुलगी गेली. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने कंपनीला लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. आम्हाला त्यात स्वतःचे घर दिसले, कारण मुलांचा फोन आला की "थोडे सहन कर, आम्हीही केले" असे आम्हीच म्हणत आलो. आम्ही केले ते खरे, पण संध्याकाळी कॅश जुळली की घरी येत होतो. साहेब खिशातल्या फोनमध्ये बसलेला नव्हता.

तोंडी दिलेले काम, नाकारलेली रजा, अपमानाचे बोलणे, हे तारखेसह डायरीत टिपून ठेवावे. लैंगिक छळ असेल तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसांच्या कार्यालयात समिती असावीच लागते, आणि तक्रार साधारणतः तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. रागाच्या भरात राजीनामा देऊ नये. पण झोप आणि भूक उडाली असेल तर पुढच्या नोकरीची वाट पाहत बसू नये. अशा वेळी सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात असला की मुलाला निघता येते, नसेल तर तेवढे दिवस आईवडिलांनी सांभाळावे. मूल बॅग घेऊन परत आले तर शेजाऱ्यांना काय सांगायचे, ते आपण पाहून घेऊ.