‘हिरवी’ खरेदी करण्याआधी घरातच शोधा!

बांबूचा टूथब्रश, नारळाच्या काथ्याची घासणी, सुती पिशव्यांचा संच, ‘नैसर्गिक’ लादी क्लीनर. पर्यावरणपूरक घरासाठीच्या वस्तूंची यादी दर महिन्याला लांबते आहे. गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याचशा वस्तू प्लास्टिकच्या वेष्टनात गुंडाळूनच घरी येतात. मग नेमके काय बदलावे? कोणत्या बदलाने निसर्गाचा आणि घरातल्या माणसांच्या आरोग्याचाही खरोखर फायदा होतो?

पिशवी : नवी नको, जुनीच बरी

डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ मध्ये वेगवेगळ्या पिशव्यांचा, त्या तयार होण्यापासून त्यांचा कचरा होईपर्यंतचा हिशेब मांडला. सुपरमार्केटमधल्या साध्या प्लास्टिक पिशवीशी बरोबरी साधायची, तर नेहमीच्या कापसाची पिशवी हवामानावरील परिणामापुरती किमान ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, ओझोनचा थर असे सगळे परिणाम धरले, तर हाच आकडा सुमारे ७,१०० वर जातो. कारण कापसाला पाणी, खते आणि जमीन लागते.

याचा अर्थ प्लास्टिक चांगले, असा मात्र नाही. नाल्यात आणि समुद्रात जाणाऱ्या कचऱ्याचे नुकसान या हिशेबात धरलेले नव्हते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर गटारे तुंबवणाऱ्या पिशव्यांचा प्रश्न मुंबईने चांगलाच अनुभवला आहे. अर्थ इतकाच, की प्रत्येक कार्यक्रमात मिळणारी नवी कापडी पिशवी जमवत जाणे हा उपाय नव्हे. जुन्या साडीची किंवा चादरीची शिवलेली पिशवी सगळ्यात उत्तम. तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही.

चहा कागदी कपात नको

‘कागदाचा कप’ म्हटले की निर्धोक वाटते. पण कागदातून चहा झिरपू नये म्हणून कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी अशा कपांत ८५ ते ९० अंश सेल्सिअसचे १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटे ठेवले. त्या पाण्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरले. या कणांचे शरीरावर नेमके काय परिणाम होतात, यावर संशोधन चालू आहे. पण त्यासाठी थांबण्याची गरज नाही. कार्यालयाच्या खणात स्टीलचा पेला किंवा चिनीमातीचा कप ठेवला की काम भागते. हाच नियम डब्यालाही लावावा. गरम आमटी-भाजी स्टीलच्या डब्यात भरावी आणि मायक्रोवेव्हमध्ये काचेचे भांडे वापरावे.

कॉइलचा धूर

सर्वांत दुर्लक्षित, पण आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा बदल डासांच्या बाबतीत आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियात विकल्या जाणाऱ्या कॉइल तपासल्या गेल्या. एक कॉइल जळताना निघणारे अतिसूक्ष्म धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके भरले. बंद खोलीत, तान्ह्या बाळाच्या किंवा दमेकऱ्याच्या उशाशी रात्रभर कॉइल लावणे किती घातक, हे यावरून लक्षात यावे. ‘हर्बल’ धूप किंवा अगरबत्ती हाही पर्याय नव्हे, कारण धूर हा शेवटी धूरच.

येथे खिडकीची जाळी आणि मच्छरदाणी यांना तोड नाही. एकदा पैसे घातले की वर्षानुवर्षे चालतात. जोडीला आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. त्याआधीच कुंडीखालची बशी, कूलर आणि पिंप रिकामे करून घासले, तर नवी पिढी जन्मालाच येत नाही. एडिस दिवसा चावतो, त्यामुळे केवळ रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबून चालणार नाही.

मोरी आणि संडास

घरगुती क्लीनर म्हणून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. फेस जोरदार येतो, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे उरते ते बहुतांशी मिठासारखे क्षारयुक्त पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरावेत. तेलकट ओट्यासाठी सोडा, तर नळावरच्या पांढऱ्या क्षारांसाठी व्हिनेगर किंवा पाण्यात विरघळवलेले लिंबूसत्त्व. संगमरवर आणि कडाप्प्यावर मात्र आम्ल नको, दगड खराब होतो.

खरा धोका वेगळाच आहे. संडास साफ करण्याच्या अनेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यात ब्लीच मिसळले की क्लोरिन हा विषारी वायू सुटतो आणि डोळे, घसा व फुफ्फुसांना इजा करतो. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र केले तरी तेच होते. ‘दोन्ही घातले की जास्त स्वच्छ’ हा समज कामवाल्या मावशींसह घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यातून काढायलाच हवा. असा वायू सुटलाच, तर साफसफाई तिथेच सोडून मोकळ्या हवेत जावे आणि श्वासाला त्रास होत असेल तर लगेच डॉक्टर गाठावा.

भांड्यांसाठी नायलॉनच्या घासणीऐवजी घोसाळ्याची जाळी वापरता येते. वेलावर वाळलेले घोसाळे सोलून, बिया झटकून घेतले की झाले! मात्र ती रोज पिळून उन्हात वाळवावी आणि जुनी झाली की ओल्या कचऱ्यात टाकावी. ओलसर राहिलेली कोणतीही घासणी जंतूंचे घर बनते.

दिव्याचा सोपा हिशेब

६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला, तर महिन्याला ९ युनिट वीज जळते. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दीड युनिटही घेत नाही. येथे जुनी वस्तू टिकवण्यात शहाणपण नाही. बल्ब बंद पडण्याची वाट न पाहता तो बदलावा.

म्हणजे नियम दोन. जी वस्तू वापरताना वीज खाते किंवा श्वासात विष सोडते, ती लगेच बदला. बाकीच्या वस्तू झिजेपर्यंत वापरा. प्लास्टिकचा धडधाकट डबा फेकून काचेचा आणण्याऐवजी त्यात कोरडी डाळ भरून ठेवा. हिरव्या घराची सुरुवात दुकानात नव्हे, तर माळ्यावर, कपाटात आणि स्वयंपाकघराच्या फडताळात होते.