फुटपाथवरचं आकाश

समजा, ऑफिस सुटल्यावर तुम्ही कोपऱ्यावर वळताय आणि पांढऱ्या केसांची पोनी बांधलेले एक आजोबा हाक मारतात, ‘या, शनीची कडी बघून जा!’ शेजारी तोफेसारखं दिसणारं काहीतरी. तुमचा हात आधी पाकिटाकडे जाणार, हो ना? पण इथे तिकीट नाही. सगळं फुकट!

हे आजोबा म्हणजे जॉन डॉब्सन, ‘सॅन फ्रान्सिस्को साइडवॉक अॅस्ट्रॉनॉमर्स’ या हौशी मंडळाचे संस्थापक. १५ जानेवारी २०१४ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी ते गेले. आकाशदर्शनाच्या कॅम्पला कधी लाकडी खोक्यात बसवलेली जाडजूड नळी पाहिलीय? तिला ‘डॉब्सोनियन’ म्हणतात. ती यांचीच देणगी.

मठातली ‘फुलझाडं’

डॉब्सन यांचा जन्म १९१५ मध्ये बीजिंगचा. बर्कलेमधून केमिस्ट्रीची डिग्री घेतली आणि चांगलं करिअर समोर असताना १९४४ मध्ये थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीचा मठ गाठला! तिथे वेदान्त आणि विज्ञान यांचा मेळ घालता घालता दुर्बिणीचं वेड लागलं. जहाजाच्या गोल खिडकीची जाड काच घासून त्यांनी १२ इंची आरसा बनवला. त्यातून चंद्र पाहिला, तर जणू आपण तिथे उतरतोय असं वाटलं. हे सगळ्यांनी बघायलाच हवं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

झालं! पुढे सॅक्रामेंटोच्या मठात असताना ते रात्री दुर्बीण ढकलत गल्लीबोळांत जायचे. मठाला हे पसंत नव्हतं. मग पत्रांतून सांकेतिक भाषा सुरू झाली. दुर्बीण म्हणजे ‘जिरेनियम’. नळीत बसवली की ‘कुंडीत लावलं’, आरशाला चकाकी चढली की ‘फूल आलं’. पण १९६७ मध्ये मठ सोडावाच लागला. २३ वर्षांचं घर सुटलं, तेव्हा वय होतं ५१.

आपण अशा वेळी काय केलं असतं? डॉब्सन यांनी १९६८ मध्ये दोन पोरांना हाताशी धरून मंडळ काढलं आणि दुर्बीण पुन्हा फुटपाथवर मांडली.

जुगाड, पण सॉलिड

त्यांचा फंडा साधा होता. काँक्रीटचे खांब ओतायला वापरतात ती पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडचं खोकं आणि नॉनस्टिक तव्यावर असतं ते टेफ्लॉन. मोटर नाही, महागडे गिअर नाहीत. हाताने ढकला, हवं तिथे थांबते. त्यामुळे मोठी दुर्बीण सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पेटंट? घेतलंच नाही. दुर्बिणीची किंमत तिच्या इंचांवर नाही, तर तिच्यातून किती जणांनी पाहिलं यावर ठरते, हे त्यांचं गणित.

एकदा म्हणे एका नॅशनल पार्कातल्या अधिकाऱ्याने त्यांना सुनावलं, आकाश काही या पार्कात येत नाही. डॉब्सन यांचं उत्तर होतं, बरोबर, पण पार्क आकाशात येतं!

आपला फ्लॅट, आपलं ऑफिस आणि तो जीवघेणा सिग्नलही तिथेच येतो. तेव्हा पुढच्या अमावास्येला एखाद्या आकाशदर्शनाला जाऊन याच. आणि डोळा लावून झाला, की मागच्याला लगेच जागा द्या. डॉब्सन आजोबांना तेवढी श्रद्धांजली पुरे!