भौतिकशास्त्र : गौण विषय म्हणून अभ्यास – स्वरूप आणि मर्यादा

महाराष्ट्रातील विज्ञान पदवीची जुनी रचना सर्वसाधारणपणे निमुळती होती. प्रथम वर्षी तीन-चार विषय, तृतीय वर्षी बहुधा एकच. रसायनशास्त्राकडे वळणारा विद्यार्थी भौतिकशास्त्र सोडून देई, तेही त्याची खरी गरज भासू लागण्याच्या सुमारास. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात गौण विषयाला, म्हणजेच ‘मायनर’ला, निश्चित स्थान मिळाले. तीन वर्षांच्या पदवीत किमान ६० श्रेयांक मुख्य विषयाला व २४ गौण विषयाला आहेत. प्रस्तुत लेखात भौतिकशास्त्राच्या संदर्भात या तरतुदीचा विचार केला आहे.

अवरक्त वर्णपटाचे उदाहरण पाहू. कार्बन-हायड्रोजन बंधाचे शोषण सुमारे ३००० प्रति सेंटिमीटर या तरंगांकाजवळ आढळते. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आल्यास ते सुमारे २२०० पर्यंत उतरते. रसायनशास्त्राचा विद्यार्थी हे आकडे बहुधा पाठ करतो. परंतु ज्याने प्रयोगशाळेत स्प्रिंगला निरनिराळी वजने टांगून आंदोलनकाल मोजला आहे, त्याला त्यामागील कारण सहज उमगते. बंधाची ताठरता तीच राहते, वस्तुमान मात्र वाढते; म्हणून कंप्रता घटते. गौण विषयाचे मोल अशा ठिकाणी कळते, आणि म्हणूनच प्रात्यक्षिकांना कात्री लावून केवळ व्याख्यानांवर श्रेयांक भरून काढणे घातक ठरते. एका श्रेयांकास १५ तासांची व्याख्याने किंवा ३० तासांची प्रात्यक्षिके लागतात. वेळापत्रक आखणाऱ्यास पहिला पर्याय सोयीचा वाटतो, हे उघड आहे.

खरी अडचण गणिताची आहे. बारावीस जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या विद्यार्थ्यास अवमंदित आंदोलनाचे विकलक समीकरण परकेच वाटते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रकाशकी व सूक्ष्मदर्शक यांपासून आरंभ करून देता येईल. पण पुढे कलनशास्त्राला पर्याय नाही.

२०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार गौण विषयातही पदव्युत्तर शिक्षण घेता येते. ही मुभा आकर्षक असली तरी २४ आणि ६० श्रेयांकांमधील अंतर त्यामुळे बुजत नाही. विद्युतचुंबकत्व, पुंजयामिकी व सांख्यिकीय यामिकी यांची बरीचशी तयारी अशा विद्यार्थ्याला स्वतःच, आणि तीही प्रवेशापूर्वी, करावी लागते.